सुट्टीत दुसरा देश जोडायचा का? कुटुंबासाठी निर्णयाची पद्धत

एका देशाचा बेत जवळजवळ पक्का होतो, नकाशा उघडला जातो आणि शेजारचा देश अगदी बोटभर अंतरावर दिसतो. ‘एवढ्या लांब जातोच आहोत, तर तेही उरकून घेऊ’ असं कुणीतरी म्हणतं. त्यानंतर सहसा फक्त पैशांचा हिशेब होतो: जादा तिकीट किती, हॉटेल किती, व्हिसा किती. दुसऱ्या देशाची खरी किंमत मात्र दिवसांत मोजावी लागते आणि ती कुठल्याही बिलावर छापलेली नसते. म्हणून सुरुवात दिवसांपासून करा. पैसे, व्हिसा आणि तिकिटं त्यानंतर.

पहिली पायरी: हातात खरे दिवस किती आहेत ते काढा

सुट्टी १० रात्रींची असेल तर कॅलेंडरवर ११ तारखा येतात. पोचण्याचा आणि निघण्याचा दिवस वगळा. उरले ९. घड्याळात चार-पाच तासांपेक्षा जास्त फरक पडत असेल तर लहान मुलांचे पहिले एक-दोन दिवस अर्धेच धरा. ती पहाटे तीनला टक्क जागी असतात आणि दुपारी चारला जेवणाच्या टेबलावर झोपतात.

आता देश बदलण्याचा दिवस तासांत मांडून पाहा. विमान फक्त सव्वा तासाचं आहे असं धरू. सकाळी ७ ला उठून सामान भरणं, मुलांचं आवरणं, नाश्ता आणि खोली सोडणं यात ९ वाजतात. विमानतळावर पोचायला एक तास, म्हणजे १०. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी अडीच तास आधी पोचलात तर उड्डाण १२.३० ला. उतरेपर्यंत पावणेदोन. पासपोर्ट तपासणीची रांग आणि सामानाचा पट्टा मिळून एक तास, पुढे शहरात जायला आणखी एक. हॉटेलच्या दारात पावणेचार. खोली मिळून, हातपाय धुऊन, सगळ्यांना पुन्हा बाहेर काढेपर्यंत ५ वाजलेले असतात. सव्वा तासाच्या उड्डाणाने पूर्ण दिवस खाल्ला, आणि तोही काहीच उशीर झाला नाही तर.

दुसऱ्या दिवशीची सकाळही पूर्ण हाती येत नाही. नवं चलन, बस-मेट्रोची नवी तिकीटपद्धत, दूध आणि डायपर कुठे मिळतात त्याचा शोध, या सगळ्यात अर्धा दिवस सहज जातो. पहिल्या देशात ही सगळी घडी एकदा बसवलेली असते. देश बदलला की ती मोडते आणि पुन्हा बसवावी लागते. म्हणून देश बदलायला दीड दिवस धरा. ९ चे साडेसात झाले. परतीचं विमान पहिल्याच देशातून असेल तर तिथे माघारी येण्याचा आणखी एक दिवस जातो आणि साडेसहा उरतात.

हा आकडा खर्चाला लावून बघा. एका देशाच्या सहलीचा एकूण खर्च १०० मानला, तर फिरण्याचा एक दिवस ११.१ ला पडतो. दुसऱ्या देशामुळे खर्च ११८ झाला असं समजा. वाढ १८ टक्क्यांचीच वाटते, पण दिवस साडेसात उरल्यामुळे एक दिवस १५.७ ला पडतो, म्हणजे सुमारे ४२ टक्के महाग. साडेसहा दिवस उरले तर १८ च्या वर जातो. स्वतःचे आकडे घालून हे गणित कागदावर करा. बऱ्याच घरांत चर्चा इथेच संपते.

आमचं मत स्पष्ट आहे. सुट्टी १० रात्रींची किंवा त्याहून कमी असेल आणि दुसऱ्या देशात विमानानेच जावं लागत असेल, तर जोडू नका. १२ ते १४ रात्री असतील तर विचार करा, पण प्रत्येक देशाला किमान ४ रात्री मिळाल्या पाहिजेत. तीन वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर ५.

दुसरी पायरी: सीमा कशी आहे ते पाहा

वरचं गणित विमानाचं आहे. जिथे हॉटेल न बदलता सीमा ओलांडता येते तिथे ते लागू होत नाही, आणि अशी ठिकाणं खरोखर सोन्यासारखी असतात. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाहून स्लोव्हाकियातलं ब्रातिस्लाव्हा रेल्वेने साधारण एक तास. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनहून स्वीडनमधलं माल्मो ओरेसुंड पुलावरून पाऊण तासाच्या आत. सामान खोलीतच राहतं, मुलं रात्री ओळखीच्या पलंगावर झोपतात आणि कंटाळा आला तर दुपारीच परतता येतं. फिनलंडमधल्या हेलसिंकीहून एस्टोनियातलं टॅलिन फेरीबोटीने सुमारे दोन तास. जाऊन-येऊन दिवस भरगच्च होतो, पण मोठ्या मुलांना जहाजाचीच मजा जास्त वाटते.

काही ठिकाणी तर दुसरा देश घेतल्याशिवाय पाहायला गेलेली गोष्टच अपुरी राहते. इग्वासू धबधब्याच्या अर्जेंटिनाच्या बाजूला पाण्याच्या अगदी जवळून जाणाऱ्या पायवाटा आहेत आणि तिला पूर्ण दिवस लागतो. समोरून अख्खं दृश्य दिसतं ते ब्राझीलच्या बाजूने, आणि तिथे अर्धा दिवस पुरतो. व्हिक्टोरिया धबधबा झांबिया आणि झिंबाब्वे यांच्यात विभागलेला आहे. या दोन देशांसाठी ‘काझा’ नावाचा एकत्र व्हिसा निघतो, मात्र तो प्रत्येक देशाच्या नागरिकांना मिळत नाही. त्यामुळे कुटुंबातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट त्यात बसतो का ते आधी बघा.

जवळची सीमा झटपट ओलांडता येईलच असं नाही. सिंगापूर आणि मलेशियातलं जोहोर बाहरू यांना जोडणारा भराव-रस्ता जेमतेम एक किलोमीटरचा आहे, पण शुक्रवारी संध्याकाळी किंवा जोडून सुट्ट्या आल्या की तिथे काही तास अडकायला होतं. बसने जाताना दोन्ही बाजूंना उतरून तपासणी द्यावी लागते. झोपलेलं मूल कडेवर आणि ढकलगाडी हातात. अशी सीमा मंगळवार-बुधवारी सकाळी ओलांडा. दोन्ही देश पोचण्याआधी ऑनलाइन आगमन-पत्र भरून मागतात. ते प्रवासाच्या तीन दिवस आधीपासून भरता येतं आणि तान्ह्या बाळाचंही वेगळं भरावं लागतं.

तिसरी पायरी: व्हिसा. सर्वांत महागडी चूक इथे होते

घरातल्या प्रत्येकासाठी एक ओळ आखा: पासपोर्ट कोणत्या देशाचा, संपतो कधी, कोरी पानं किती, पहिल्या देशाचा व्हिसा कोणता, दुसऱ्याचा कोणता, आणि परत येताना पहिल्या देशात पुन्हा शिरायचं आहे का. हा शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट, हे ठळक उदाहरण. एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा घेऊन स्पेनला गेलात, दोन दिवस मोरोक्कोला जाऊन आलात, तर स्पेनमध्ये पुन्हा प्रवेश नाही. तारखा शिल्लक असल्या तरी व्हिसा वापरून झालेला असतो. परतीचं विमान माद्रिदहून असेल तर तेही हातचं जातं. पॅरिस–लंडन–पॅरिसचंही तसंच, आणि लंडनसाठी वेगळी परवानगी लागते ती निराळीच. यातून सुटण्याचे दोन मार्ग आहेत. एक, अर्ज करतानाच एकापेक्षा जास्त प्रवेश मागायचे आणि बेतात ते स्पष्ट दाखवायचं. दुसरा मार्ग बिनखर्चाचा: क्रम बदलायचा. शेंगेनबाहेरचा देश सगळ्यांत आधी किंवा सगळ्यांत शेवटी ठेवा, म्हणजे शेंगेनमध्ये एकदाच आत आणि एकदाच बाहेर.

कोणता देश आत आणि कोणता बाहेर, यात नकाशा पाहून गफलत होते. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. आयर्लंडचं नेमकं उलट: संघात आहे, शेंगेनमध्ये नाही. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून आत आला. रुमानिया आणि बल्गेरिया यांच्या जमिनीवरच्या सीमाही १ जानेवारी २०२५ पासून खुल्या झाल्या. मॉन्टेनेग्रो, बोस्निया, सर्बिया आणि अल्बानिया मात्र बाहेर आहेत, म्हणून क्रोएशियातल्या दुब्रोवनिकहून मॉन्टेनेग्रोत कोटोरला दिवसभर जाऊन येणं हे शेंगेन सोडून परत येणंच ठरतं. जुन्या माहितीवर बेत आखू नका.

अर्ज कुठे करायचा हेही दुसऱ्या देशामुळे बदलू शकतं. शेंगेनमधल्या दोन देशांत जायचं असेल तर जिथे जास्त मुक्काम तिथल्या वकिलातीकडे अर्ज. मुक्काम समान असेल तर जिथून प्रथम प्रवेश तिथे. इटलीत ५ आणि ऑस्ट्रियात ४ रात्री असतील तर अर्ज इटलीकडे. व्हिसा मिळाल्यावर बेत उलटा केला तर सीमेवर प्रश्न विचारले जाऊ शकतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात आणि किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत खरी अडचण भेटीची वेळ मिळण्याची असते. दुसऱ्या देशाचाही व्हिसा लागत असेल तर पासपोर्ट एका वेळी एकाच वकिलातीत राहू शकतो. दोन व्हिसांच्या अर्जांना लागणारे कालावधी एकापुढे एक ठेवा आणि मध्ये दोन आठवडे मोकळे सोडा.

पासपोर्टची मुदत हा छोटा पण घातक मुद्दा. शेंगेनला तिथून निघण्याच्या तारखेपुढे तीन महिने वैधता लागते आणि पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला असावा लागतो. बरेच इतर देश सहा महिने मागतात. पहिल्या देशाला चाललेला पासपोर्ट दुसऱ्याला चालेलच असं नाही. मुलांचे पासपोर्ट मोठ्यांच्या मानाने लवकर संपतात, म्हणून आधी तेच तपासा.

आई किंवा वडील एकटेच मुलांना घेऊन जात असतील, किंवा आजी-आजोबा नेत असतील, तर संमतीपत्रात दोन्ही देशांची नावं आणि तारखा हव्यात. पहिल्याच देशाचं नाव घालून केलेलं पत्र दुसऱ्या सीमेवर उपयोगाचं नाही. मुलाचं आडनाव वेगळं असेल तर जन्मदाखल्याची प्रत बरोबर ठेवा.

आफ्रिकेत दोन देश जोडताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र बघा. तुमच्या देशातून थेट गेल्यास ते लागत नसेल, तरी केनियाहून टांझानियात शिरताना मागतात, कारण केनिया त्या रोगाच्या यादीत आहे. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी वैध होतं, आणि नऊ महिन्यांखालच्या बाळांना ही लस सहसा देत नाहीत. बाळ बरोबर असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय अशी जोडसहल ठरवू नका.

चौथी पायरी: तिकिटं तीन प्रकारे शोधा

पहिला प्रकार: पहिल्या देशाचं जाण्या-येण्याचं तिकीट आणि तिथून दुसऱ्याचं वेगळं जाणं-येणं. सगळे हेच शोधतात, आणि दिवसांच्या हिशेबात हाच सगळ्यांत वाईट.

दुसरा: एका देशात उतरायचं आणि दुसऱ्यातून घरी परतायचं. तिकिटांच्या संकेतस्थळावर ‘मल्टी-सिटी’ निवडून दोन्ही लांबचे टप्पे एकाच आरक्षणात शोधा. दोन एकेरी तिकिटांपेक्षा हे बहुतेक वेळा स्वस्त पडतं. मधला टप्पा रेल्वेने किंवा छोट्या विमानाने. लिस्बनला उतरून स्पेनमधून परत, असा बेत याच पद्धतीने जमतो.

तिसरा: विमान जिथे बदलायचंच आहे तिथेच काही दिवस थांबणं. काही विमान कंपन्या भाडं न वाढवता हे देतात. आइसलँडएअर युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्यामध्ये आइसलँडला असा थांबा देते. आधीच वाटेत असलेला देश जोडला की प्रवासाचे दिवस फारसे वाढत नाहीत. कुटुंबासाठी आम्हाला हा प्रकार सर्वांत पटतो. फक्त २४ तासांपेक्षा जास्त थांबलात की सामान ताब्यात घ्यावं लागतं आणि त्या देशात शिरण्याची परवानगीही लागते.

एका गोष्टीकडे दुर्लक्ष नको. एकाच आरक्षणातला एखादा टप्पा सोडून दिला तर त्यापुढचे सगळे टप्पे रद्द होतात. ‘पहिलं विमान सोडू आणि मधूनच चढू’ हे चालत नाही.

मधला टप्पा वेगळ्या तिकिटावर असेल तर पहिलं विमान उशिरा आल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. चौघांची तिकिटं ऐनवेळी, त्या दिवसाच्या दराने पुन्हा काढावी लागतात. म्हणून घरी परतण्याचं लांबचं विमान आणि वेगळ्या तिकिटावरचा टप्पा एकाच दिवशी ठेवू नका. आदल्या रात्री त्या शहरात पोचा. सामानाचं वजनही बघा. लांबच्या विमानात २३ किलोची बॅग चालते म्हणून भरली, आणि मधल्या स्वस्त विमानाच्या भाड्यात फक्त ७ किलोची हातातली बॅग असली, की प्रत्येक बॅगेचे पैसे वेगळे. विमानतळावर भरण्यापेक्षा ते आरक्षण करतानाच भरले तर बरेच कमी पडतात.

बाळ सहलीच्या मध्यात दोन वर्षांचं होत असेल तर वाढदिवसापासून त्याला स्वतःची सीट लागते. तारीख मधल्या टप्प्यात किंवा परतीच्या आत येते का ते बघूनच तिकीट काढा.

पाचवी पायरी: घरातल्या सगळ्यांना विचारा, पण देशाचं नाव न घेता

‘तुला तो देशही बघायचा आहे का?’ असं विचारलं तर मुलं हो म्हणणारच. त्याऐवजी प्रत्येकाला तीन गोष्टी लिहायला सांगा: या सुट्टीत काय करायचं आहे. समुद्रात पोहायचं, बर्फ बघायचा, प्राणी, किल्ले, सकाळी उशिरा उठायचं, काहीही. मग कागद एकत्र करा आणि यातलं काय फक्त दुसऱ्या देशातच होऊ शकतं ते मोजा. चार माणसांच्या बारा इच्छांपैकी चार-पाच तिकडच्या असतील तर दुसऱ्या देशाला खरं कारण आहे. एखादीच असेल तर ती पुढच्या सहलीसाठी राखून ठेवा. पासपोर्टवर आणखी एक शिक्का हे कारण धरू नका. शेंगेनच्या बाहेरील सीमांवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या संगणकीय नोंदीत शिक्क्याची जागा चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेत आहेत. १२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फोटो घेतात. पहिल्यांदा नोंद होताना वेळ लागतो, तोही प्रवासाच्या दिवसात धरा.

सगळ्यांत लवकर थकणारं माणूस कोण, हे घरात सगळ्यांना माहीत असतं. बेत त्याच्या वेगाने आखा. आजोबांचे गुडघे, दुपारच्या झोपेशिवाय चिडणारी तीन वर्षांची मुलगी किंवा गाडी लागणारा मुलगा, यांपैकी कुणासाठी तो दहा तासांचा दिवस कसा जाईल याचा विचार करा. दुसरा दिवसही त्याच थकव्यात जाणार असेल तर दीडऐवजी अडीच दिवस वजा करा आणि पहिल्या पायरीचं गणित पुन्हा मांडा.

सहावी पायरी: गाडी, विमा, औषधं

भाड्याची गाडी सीमेपार नेण्याची लेखी परवानगी आरक्षण करतानाच घ्या. परवानगीशिवाय नेली तर विमा लागू होत नाही. एका देशात घेऊन दुसऱ्यात सोडण्याचं शुल्क कधीकधी गाडीच्या आठवडाभराच्या भाड्याइतकं असतं. सीमेच्या अलीकडे गाडी परत करून रेल्वेने पार व्हा आणि पलीकडे नवी घ्या, तेच स्वस्त पडतं. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनिया इथे महामार्गासाठी ‘विन्येट’, म्हणजे रस्त्याचं शुल्क भरल्याचा परवाना, लागतं, आणि स्वित्झर्लंडचं फक्त वर्षाचंच मिळतं. मुलांच्या सीटचे नियमही सीमेवर बदलतात: फ्रान्समध्ये ती १० वर्षांपर्यंत, जर्मनीत १२ वर्षं पूर्ण होईपर्यंत किंवा उंची १५० सेंटीमीटर होईपर्यंत. साडेदहा वर्षांचं, १४० सेंटीमीटर उंचीचं मूल फ्रान्समध्ये सीटशिवाय बसू शकतं. ऱ्हाईन नदी ओलांडून जर्मनीत गेलं की नाही.

प्रवास विम्यात दोन्ही देश आहेत का ते पॉलिसीच्या कागदावर वाचा. अमेरिका आणि कॅनडा बऱ्याच पॉलिसींमध्ये वेगळ्या, महाग गटात असतात. फोनचंही तसंच: युरोपीय संघातलं रोमिंग स्वित्झर्लंडमध्ये आपोआप चालत नाही.

औषधांना फार कमी लोक गंभीरपणे घेतात. एका देशात दुकानात सहज मिळणारं औषध दुसऱ्यात बेकायदा असू शकतं. सर्दीवरची स्यूडोएफेड्रीन ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असलेली औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत, आणि अ‍ॅम्फेटामीन असलेली तर डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नाहीत. मुलाला एकाग्रतेसाठी असं औषध चालू असेल तर हा मुद्दा सगळा बेत ठरवतो. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात पिशवीत विसरलेलं फळही जाहीर करावं लागतं. न्यूझीलंडमध्ये न केल्यास जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड.

सातवी पायरी: दोन बेत शेजारी लिहा

एका कागदावर दोन रकाने करा. डावीकडे फक्त पहिला देश, उजवीकडे दोन्ही. प्रत्येक तारखेपुढे सकाळ, दुपार, संध्याकाळ लिहा. उजव्या रकान्यात ‘सामान भरणं’, ‘विमानतळ’, ‘रांग’ हेही लिहा, वगळू नका. डावीकडे जे दिवस जास्त आहेत ते रिकामे ठेवू नका; तिथे दुसरं छोटं शहर, डोंगरातला दोन रात्रींचा मुक्काम किंवा नुसता समुद्रकिनारा भरा. तुलना पहिल्या देशातल्या आणखी चार दिवसांशी व्हायला हवी. रिकाम्या चौकटीशी तुलना केली तर दुसरा देश नेहमीच जिंकतो. दोन्ही रकाने मुलांना दाखवा. दहा-बारा वर्षांची मुलं हे फार नीट वाचतात.

निर्णय ‘हो’ झाला तर क्रम असा ठेवा: आधी दोन्ही देशांच्या व्हिसाच्या अटी, मग रद्द करता येतील अशी हॉटेलं, मग व्हिसाचे अर्ज, आणि परत न मिळणाऱ्या पैशांची तिकिटं सगळ्यांत शेवटी. हॉटेल रद्द करण्याची शेवटची वेळ सहसा हॉटेल असलेल्या शहराच्या घड्याळाप्रमाणे मोजतात, तुमच्या नाही. म्हणून फोनमधली आठवण त्या तारखेच्या दोन दिवस आधीची लावा, आणि त्या दिवसापर्यंत दुसऱ्या देशाचा व्हिसा हातात पडला नसेल तर ते हॉटेल रद्द करा.